जुन्या नंबरावरची रिंग

तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या मराठी बायकांना फोनचा नवा करार करायचा असला की दुकानात जाण्याआधी त्या नीलिमाकडे जायच्या. चांगलं तासभर बसायचं, चहा व्हायचा, आणि नीलिमा जुन्या कॅलेंडरचं पान जेवणाच्या टेबलावर पालथं घालून त्यावर तीन रकाने पाडायची. मोठ्या फोनकंपन्या तीन, म्हणून रकाने तीन. कंपन्यांची खरी नावं ती कधी घ्यायची नाही. घरातल्या जावांबद्दल बोलावं तसं थोरली, मधली आणि धाकटी म्हणायची.

"थोरलीचं नाक वर, पण बोगद्यातसुद्धा रेंज सोडत नाही," ती सांगायची. "मधली गोडबोली. धाकटी उधळी, फोन फुकट देईल आणि दोन वर्षं बांधून घेईल. मधेच सोडलंत तर दंड. दोन वर्षं भरली की एक महिनाभर दार उघडतं, तेव्हाच निघायचं. तो महिना चुकला की बसा पुन्हा दोन वर्षं."

स्वरूपा नावाची तिची मैत्रीण एकदा फुकट मिळतोय म्हणून फोन घेऊन आली आणि महिन्याचं बिल नवऱ्याच्या ट्रेनच्या पासापेक्षा जास्त आलं. तेव्हा नीलिमाने तिला चारचौघींत सुनावलं, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मला विचारायला काय झालं होतं?" स्वरूपाने राग धरला नाही. नीलिमाचा फणकारा सोसला की वर्षाला वीस-पंचवीस हजार येन वाचतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई मूळची कऱ्हाडची. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी पाच वर्षं पतपेढीत नोकरी. २००१ साली नवऱ्यापाठोपाठ जपानात आली. नवरा संजीव पुण्याच्या कंपनीतून इथल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर कंत्राटाने आलेला. तो सकाळी तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत शिरला की रात्रीच उगवायचा. मुलगी तेजश्री तेव्हा दोन वर्षांची. नोकरी सुटलेली, भाषा येत नाही, खालच्या मजल्यावरची बाई कचऱ्याची पिशवी उघडून बाटलीचं झाकण चुकीच्या डब्यात टाकल्याचं दाखवून जायची. अशा दिवसांत नीलिमा स्टेशनजवळच्या दुकानाबाहेर ठेवलेली फोनची पत्रकं घरी आणू लागली. त्यात आकडे होते आणि आकडे तिला कळत होते. आकड्यांच्या शेजारचे शब्दही मग हळूहळू कळायला लागले.

तिचं सगळं जपानी हे असं पत्रकांतून आलेलं. 'करार मोडल्याचा दंड', 'कुटुंब सवलत', 'पहिल्या महिन्याचं शुल्क दिवसांच्या प्रमाणात' हे ती अशा झोकात म्हणायची की दुकानातली मुलगी 'नीलिमा-सान, नीलिमा-सान' करत दहा वेळा मान लववायची. पण शेजारच्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा 'आता कसं वाटतंय' एवढं विचारायला तिला नऊ वर्षांच्या तेजश्रीला बरोबर न्यावं लागलं. याची तिला मनातून लाज वाटायची. ती लाज झाकायला ती आणखी मोठ्या आवाजात बोलायची.

दोन हजार आठच्या जुलैमध्ये नीलिमाचा थोरलीशी असलेला करार संपला आणि दार उघडं असण्याचा तो एक महिना आला. त्याच उन्हाळ्यात धाकटीने पडद्यावर बोट फिरवायचा नवा स्मार्टफोन आणला होता आणि दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. नीलिमाने पान पालथं घातलं. जुनाच नंबर घेऊन कंपनी बदलायची तर त्याचे दोन हजार शंभर येन वेगळे. नंबर सोडून दिला आणि नवा घेतला तर ते वाचत होते, शिवाय वर दहा हजारांचं कूपन.

"नंबर राहू दे ना," संजीव म्हणाला. "सगळ्यांकडे तोच आहे."

"नंबराला काय चाटायचंय? सगळ्यांना नवा कळवू."

तिने नंबर सोडला. दुकानातल्या मुलीने जुन्या फोनमधली सगळी नावं नव्या फोनमध्ये भरून दिली. त्यात नीलिमाचा स्वतःचा जुना नंबरही तिच्याच नावाने आला. तो काढून टाकायचा राहून गेला.

आता या नंबराला कऱ्हाडातला एक माणूस जोडलेला होता. तो माणूस म्हणजे नीलिमाचे वडील, बाळासाहेब. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आयुष्यभर तार खात्यात नोकरी केलेली, लोकांच्या जन्माच्या आणि मरणाच्या बातम्या मोजक्या शब्दांत पोचवलेल्या, त्यामुळे बोलण्यातही काटकसर. तीन वर्षांपूर्वी नीलिमाची आई गेली तेव्हा भावाने, गुणवंतदादाने, तिला चौदा वेळा फोन केला होता. ती तेजश्रीच्या पोहण्याच्या वर्गाला गेलेली. फोन पर्समध्ये, मॅनर मोडवर मुका. तिने पाहिलं तेव्हा कऱ्हाडात आईला नेऊनसुद्धा झालं होतं. त्यानंतर रोज सकाळी उठताच तिच्या मनात पहिला विचार तोच यायचा. आज काय झालं असेल आणि आपल्याला कळलं नसेल?

उपाय आप्पांनीच काढला. "रोज सकाळी सहाला मी एक रिंग देईन. तू उचलायचा नाही. वाजली की समजायचं, आप्पा आहे. मग तू एक परत द्यायची. मी समजेन, नीलू आहे. उचललाच नाही तर सरकारला पैसुद्धा द्यावी लागत नाही."

आपल्या लोकांच्या या मिस कॉलला जगात तोड नाही. कऱ्हाडातले सहा म्हणजे ग्योतोकुतले साडेनऊ. संजीव कामावर, तेजश्री शाळेत, नीलिमा भांडी घासत असायची. फोन एकदा वाजायचा, थांबायचा. ओल्या हाताने ती एक रिंग परत द्यायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा. मनसोक्त बोलणं रविवारी, टेलिफोन कार्डावरून. पण जीव थाऱ्यावर राहायचा तो त्या रोजच्या एका रिंगेमुळे.

नवा नंबर दादाने जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहून फोनच्या वरच भिंतीला लावला. आप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. जुलै गेला, ऑगस्ट, सप्टेंबर गेले. साडेनऊची रिंग नव्या फोनवर बिनचूक येत राहिली. मग ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी ती आली नाही.

नीलिमाने दहापर्यंत वाट पाहिली. सव्वादहाला राहवेना म्हणून घरी फोन लावला. तो नयनावहिनींनी उचलला.

"आप्पा कसे आहेत?"

"छान आहेत की. अंघोळीला गेलेत. का हो?"

"आज रिंग आली नाही त्यांची."

"अहो, आत्ता सहाला तर दिली माझ्यासमोर," वहिनी म्हणाल्या. "आणि तुमचीही आली की परत. ऐकली ना मी."

नीलिमाने काही परत दिलं नव्हतं. तिला वाटलं, वहिनी कामात असतील, कालचं आज सांगत असतील. दुसऱ्या दिवशीही रिंग आली नाही. तिसऱ्या दिवशी ती तावातावाने धाकटीच्या दुकानात गेली आणि बाहेरच्या देशातले फोन तुम्ही अडवता म्हणून भांडली. मुलीने मान लववून यंत्रात पाहिलं आणि सांगितलं, भारतातून तुमच्या नंबरावर काहीही आलेलं नाही.

तेव्हा नीलिमाने वहिनींना सांगितलं, उद्या सहाला आप्पा कुठले आकडे फिरवतात ते मागे उभं राहून बघा. वहिनींनी बघून आकडे वाचून दाखवले. जुना नंबर. भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे आप्पांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. चार महिने ते पुठ्ठ्यावरून वाचत होते. आता वाचायचं विसरले होते आणि बोटांना जे पाठ होतं ते बोटं फिरवत होती. ऐंशी वर्षांचं माणूस, विसरणारच. नीलिमाला वाईट वाटलं, पण त्याची भीती वाटली नाही.

भीती वाटली ती वहिनींच्या पुढच्या वाक्याची. "आणि लगेच तुमची रिंग आली. एकच. आताही आली. तुम्हीच दिली ना?"

ती थोरलीच्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी नम्रपणे समजावलं की सोडलेला नंबर काही महिने झोपवून ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. कोणाला दिला ते सांगता येत नाही. नीलिमा घरी आली आणि चहा न करताच बसून राहिली. म्हणजे कोणीतरी माणूस होतं. त्याच्या नव्या फोनवर रोज साडेनऊला परदेशातून एक रिंग वाजत होती. जपानात तर अशा रिंगेला माणसं बिचकतात. एकदा वाजवून सोडायचं, समोरच्याने उलटा फोन केला की त्याला लुबाडायचं, असे चोर तेव्हा बोकाळलेले. शहाणं माणूस असा नंबर बंद करून टाकतं. हे माणूस रोज एक रिंग परत देत होतं.

नोव्हेंबरअखेर दादाने टेलिफोनचं बिल वाचून दाखवलं. "नीलू, ऑक्टोबरात तीन दिवस जपानचा फोन लागलेला दिसतोय. एक-एक मिनिट. म्हणजे तिकडून उचलला गेला. नंतर नाही." तीन दिवस कोणीतरी उचललं होतं, मोशी मोशी म्हटलं असेल, आणि आप्पांनी नियमाप्रमाणे ठेवून दिला असेल. चौथ्या दिवसापासून ते माणूस शिकलं होतं की उचलायचं नाही.

दादाने फोनच्या एका बटणात नवा नंबर भरून दिला. आप्पा म्हणाले, "बरं." आणि सकाळी सहाला जुना नंबर फिरवला. रागावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या बटणावर माझा भरवसा नाही. या नंबरावरून उत्तर येतं." उत्तर येत होतं हे खरंच होतं. रविवारी नीलिमाने स्वतः सांगून पाहिलं, "आप्पा, ती मी नाही." ते हसले. "मग मी आत्ता कोणाशी बोलतोय?"

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मी आहे ना इथे. काही झालं तर मी कळवीन." म्हणणं रास्त होतं. पण साडेनऊ वाजले की नीलिमा भांडी तशीच ठेवून उभी राहायची आणि त्या शांततेत तिला ठाऊक असायचं की आत्ता कुठेतरी वाजतंय. आप्पा आहेत ही खबर रोज कोणालातरी पोचत होती, आणि तिला पोचत नव्हती. भीती तर होतीच, पण खरं सांगायचं तर तिला मत्सरही वाटत होता. लेकीची जागा कोणीतरी न विचारता घेतली होती, आणि ती जागा तिने स्वतः बारा हजार शंभर येनांना सोडली होती.

त्यातच अमेरिकेतल्या बँका बुडायला लागल्या आणि त्याचे हादरे इथल्या कंत्राटी लोकांना बसू लागले. डिसेंबरच्या एका गुरुवारी संजीवने ऑफिसातून मेल केला की मार्चनंतर कंत्राट वाढेल असं दिसत नाही. नीलिमाने मेल वाचला, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि टबाच्या काठावर बसून रडली. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. घरात चिटपाखरू नव्हतं. तेजश्री यायच्या आत तिने डोळ्यांवर थंड पाणी मारलं, आणि ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही, संजीवलासुद्धा नाही.

रविवारी आप्पा म्हणाले, "नीलू, गुरुवारी मी चुकून उचलला."

"काय उचललं?"

"तुझी रिंग. हात फोनवरच होता. तू काही बोलली नाहीस. नुसती रडत होतीस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "संजीवरावांच्या नोकरीचं काही झालंय का?"

ती "नाही आप्पा, काही नाही" म्हणाली आणि कार्डावरचे पैसे शिल्लक असताना तिने फोन ठेवला. योगायोग असेल. जगात गुरुवारी सकाळी रडणारी ती काय एकटीच होती? पण हे मनाला कितीही सांगितलं तरी मन ऐकेना. तिला वाटायला लागलं की जुना नंबर सोडताना आपल्यातलं काहीतरी त्या नंबराबरोबर गेलं, आणि ते आता दुसरीकडे राहतं, आपल्याबरोबर रडतं आणि आपल्या बापाला रोज सकाळी रिंग देतं.

सोमवारी संध्याकाळी तेजश्री मैत्रिणीकडे गेलेली असताना तिने जुना नंबर फिरवला. आकडे पुरे होताच नव्या फोनच्या चकचकीत पडद्यावर नाव उमटलं: Nilima. ती स्वतःलाच फोन करत होती.

चार रिंगांनंतर कोणीतरी उचलला. मोशी मोशी नाही, काही नाही. दूर कुठेतरी किटलीत पाणी उकळल्याचा आवाज होता आणि जवळ कोणाचा तरी श्वास. नीलिमाने जपानीत काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. ते ती वाचू लागली. पण तिचं जपानी पत्रकांतलं, त्यामुळे वाक्यंही तशीच झाली. या क्रमांकाची पूर्वीची ग्राहक मी आहे. सकाळी येणारा फोन माझ्या वडिलांचा आहे. वडील वृद्ध आहेत. चूक आमच्याकडून झाली आहे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरच्या भोंग्यातून पाचची धून सुरू झाली. मुलांनी घरी जावं म्हणून गावोगावी ही धून वाजते, ग्योतोकुतही रोज वाजते. नीलिमाने खिडकीकडे पाहिलं आणि फोन कानाशी घट्ट दाबला. तीच धून, अर्धा क्षण मागून, फोनमधूनही येत होती.

अशी धून जपानातल्या शंभर गावांत पाचला वाजत असेल, हे तिला कळत होतं. तरी ती खिडकीतून समोरच्या इमारतींच्या एकसारख्या बाल्कन्यांकडे बघत राहिली. धून संपली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, अगदी कानाशी, म्हणाला, "हाइ." हो. एवढंच. आणि फोन ठेवला गेला.

त्या 'हो'चा अर्थ काय लावायचा? कळलं, असा? की मला माहीत होतं, असा? दुसऱ्या दिवशी नीलिमाने वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आली की. सहा वाजून एक मिनिटाने."

त्यानंतर तिचं बाहेर जाणं अवघड झालं. सुपरमार्केटात टोफूच्या फळीपाशी उभी असलेली म्हातारी, कॉन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या दारात पैसे मोजणारी म्हातारी, स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरणारी म्हातारी. नीलिमा त्यांच्या हातांकडे पाहायची. एखादीच्या पिशवीत फोन वाजला की ती जागीच थबकायची. स्वरूपा नवा करार विचारायला आली, तेव्हा नीलिमाने रकाने पाडले, आकडे भरले आणि शेवटी एकदम म्हणाली, "नंबर मात्र सोडू नकोस."

"अगं, तूच तर म्हणाली होतीस, त्यात पैसे वाचतात."

"वाचतात. तरी सोडू नकोस." आणि तिने कागदाची घडी घालून स्वरूपाच्या हातात दिली.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी सकाळी नीलिमा स्वयंपाकघरात होती. दहा वाजायला आले होते. फोन एकदा वाजला आणि थांबला. तिने हात पुसत पाहिलं. पडद्यावर Nilima.

डिसेंबरात तिने केलेल्या फोनावरून तिचा नंबर तिकडे गेला असणार, पण इतके दिवस त्या नंबरावरून तिला फोन कधीच आला नव्हता. ती फोनपासून दोन पावलं मागे सरली. पुन्हा वाजला. एक रिंग. थांबला. पुन्हा एक. तिच्या स्वतःच्या नावाने फोन तिला बोलावत होता, आणि उचलायचा नाही ही सवय इतकी हाडीमासी मुरलेली की तिचा हात पुढे होईना. चौथ्या रिंगेला तिच्या डोक्यात लख्ख झालं. आज मंगळवार. दादा-वहिनी लग्नाला सोलापूरला गेलेत, उद्या यायचेत. आप्पा घरात एकटे आहेत. आणि त्या बाईला आज साडेनऊची रिंग आलेली नाही.

तिने घरी फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. दादाचा मोबाइल लागेना. मग तिने कऱ्हाडच्या शेजारच्या सुप्रभाकाकूंचा नंबर शोधून लावला. काकू आप्पांना डबा द्यायच्या, त्यांच्याकडे किल्ली असायची. "काकू, आत्ता जा. आत्ताच्या आत्ता. मी धरून ठेवते." काकूंच्या चपलांचा आवाज, कुलपाचा आवाज, आणि मग "अगं बाई!"

आप्पा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते, अंधारातच उठून गेलेले असणार. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंग गार पडत चाललं होतं, पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, डब्याच्या वेळेपर्यंत तसेच राहिले असते तर हाती लागले नसते.

नीलिमा तिसऱ्या दिवशी कऱ्हाडात पोचली. ऑपरेशन झालं होतं. आप्पा वाचले, पण शुद्धीवर येताना ते पुरते परत आले नाहीत, बरंच काही मागे राहिलं. दादाला ते ओळखत, वहिनींना कधी ओळखत कधी नाही. नीलिमाला त्यांनी दवाखान्यातली बाई समजून आदराने नमस्कार केला. भूल उतरली की येईल ओळख, असं सगळे म्हणाले. आठ दिवसांनी त्यांना घरी आणलं आणि पुढच्या खोलीत, फोनजवळ, त्यांची खाट टाकली.

वहिनींनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सहाला अजून वाजते हं एक. आप्पांनी दिली नाही तरी. तिकडून आपणहून येते."

घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी नीलिमा गरम पाण्यात फडका पिळून त्यांचं तोंड पुसत होती. बाहेर नुकतं उजाडायला लागलं होतं.

"बाई, किती वाजले?" आप्पांनी विचारलं.

"सहाला पाच कमी आहेत, आप्पा."

"मला फोनपाशी बसवा. नीलूला रिंग द्यायचीय."

तिने फडका बाजूला ठेवला आणि त्यांचा हात हातात घेतला. "आप्पा, मी आले ना. मीच नीलू."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ नव्हता, नुसतं सौजन्य होतं. "तुम्ही फार चांगल्या आहात," ते म्हणाले. "पण माझी मुलगी जपानात असते."

फोन वाजला. एकदा. थांबला.

आणि आप्पा हसले. ती आल्यापासून पहिल्यांदाच. गालावरच्या सुरकुत्या सैलावल्या, डोळे ओले झाले. लहानपणी शाळेतून यायला उशीर झाला की तिला दारात पाहून ते असेच हसायचे. "बघा," त्यांनी खाटेवरूनच बोट दाखवलं. "आली माझी नीलू. आता परत एक द्या तिला. नाहीतर घाबरेल पोर."

नीलिमाला ओरडावंसं वाटलं. ती कोणीतरी परकी म्हातारी आहे, तुमची पोर इथे तुमच्या उशाशी बसलीय, असं त्यांना गदागदा हलवून सांगावंसं वाटलं. ती उठली. जुना नंबर तिला पाहावा लागला नाही. दूर पलीकडे एक रिंग वाजलेली तिने ऐकली आणि फोन ठेवला.

"दिली?" आप्पांनी विचारलं.

"दिली."

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे, आप्पा," नीलिमा म्हणाली आणि फडका पुन्हा पाण्यात बुडवायला खाली वाकली.